धावजीच्या कानातली अळी

"निघाली! अळी निघाली!"

महाराजांच्या चेल्यानं, बाबुलालनं, थाळी डोक्याच्या वर धरली, तशी मैदानावरची गर्दी टाचा उंचावून उभी राहिली. मागच्यांना काही दिसत नव्हतं म्हणून त्यांनी पुढच्यांना विचारलं. पुढच्यांना धुरामुळं दिसत नव्हतं, पण तेवढ्यावरून सांगायचं कोण थांबतं? "बोटायेवढी हाये," एकजण म्हणाला. मधल्या रांगेपर्यंत जाता जाता ती वीतभर झाली, आणि फाटकाजवळच्या पानठेल्यावर पोचली तेव्हा तिला केस फुटलेले होते.

थाळीतल्या पाण्यात प्रत्यक्षात तांदळाच्या कणीएवढे चार-दोन पांढुरके, वाकडे तुकडे तरंगत होते. ते म्हणे तांड्यावरच्या हंसाबाईच्या कानातून निघाले. हंसाबाई गोधडीतून डोकं बाहेर काढून डोळे मिचकावत बसली होती.

"अब कैसा लगता है, माई?" महाराजांनी विचारलं.

"डोस्कं मोकळं झालं, महाराज. पार मोकळं."

गर्दीनं जयजयकार केला. हे महाराज म्हणजे चिंताहरण कीटकनाथ. बोरी अरबच्या बाजारात त्यांचा पहिला बोलबाला झाला आणि तिथून ते या गावात येऊन बंद पडलेल्या कापूस संकलन केंद्राच्या मैदानावर उतरले. डॉक्टरांना सापडत नाही ती मनातली चिंता आपण कानावाटे बाहेर काढतो, असं त्यांचं म्हणणं होतं. दक्षिणा नको, फक्त ओंजळभर कापूस. त्यामुळं ओट्यावर कापसाची गंजी चढत चालली होती. सरकारनं बंद केलेलं केंद्र महाराजांनी फुकटात चालू केलं होतं.

"बच्चा, बोंड बाहेरून कसं दिसतं?" महाराज गरजले. त्यांची भाषा अर्धी हिंदी, अर्धी मराठी आणि उरलेली खोकल्याची होती. "हिरवंगार! आणि अंदर? अंदर अळी बसून सरकी खाते. मनुष्याचं मन म्हणजे बोंड. चिंता म्हणजे अळी. फवारा मारून अळी मेली का? नाही मेली! औषधं बदलून थकले ना तुम्ही? मग डॉक्टरच्या गोळीनं मनाची अळी कशी मरेल? उसको धुरी चाहिये, धुरी!"

माना डोलल्या. या गावाला भूत सांगितलं असतं तर निम्म्यांनी तरी हसण्यावारी नेलं असतं. पण अळी! वर्षानुवर्षं अळीनं नाडलेली माणसं ती. महागाचं नवं बियाणं आणलं तरी अळी, रोज फवारा मारला तरी अळी. अळीबद्दल कोणी काही सांगितलं तर त्यांना ते पटायचंच. महाराजांनी तर अळ्यांच्या जातीही लावून दिल्या होत्या. शेंदरी अळी नवरा-बायकोच्या भांडणाची, हिरवी भाऊबंदकीची, ठिपक्यांची पोरीच्या लग्नाची. थाळीत पडायच्या त्या सगळ्या पांढऱ्याच, पण महाराजांना रंग दिसायचे.

भिंतीला टेकून, कमरेवर हात ठेवून कांताबाई हे सगळं बघत होती. वेचणीला जाणाऱ्या बायांची ती पुढारीण. तिच्या तोंडाला लागायची हिंमत गावचे सरपंचही करत नसत. एरवी तिनं या महाराजाला शब्दांनीच गावाबाहेर घालवला असता. पण आज तिचा मुलगा संघदीप शेजारी उभा होता आणि त्याचे डोळे त्या थाळीवर खिळले होते. कांताबाईला धडकी भरली ती त्यामुळं.

कारण घरी उकंडा होता.

उकंडा तिचा नवरा. याच मैदानावर तो हमालांचा मुकादम होता. हंगामात बैलबंड्यांची रांग सडकेपर्यंत लागायची आणि उकंडा ओट्यावर उभा राहून एकेकाला पुकारायचा. त्याला भोंगा लागत नसे. बंडीवाल्याची फिरकी घेतल्याशिवाय तो बंडी आत सोडत नसे, आणि बंडीवालेही हसत हसत ऐकून घेत. घरी आला तरी तोंडाचा पट्टा चालूच. "आवो, जिभेले जरा सुट्टी देत जा," असं कांताबाई रोज म्हणायची.

केंद्र बंद झालं आणि जिभेनं खरंच सुट्टी घेतली. आधी फिरक्या थांबल्या, मग गप्पा, मग हो-नाही. उकंडा भिंतीकडं तोंड करून पडून राहू लागला. जेवण सुटलं, झोप उडाली. एक दिवस त्यानं आपली मुकादमाची शिट्टी आणि लाल फेटा उचलला आणि दोस्त खेमसिंगला देऊन आला. "आता मले कायले पायजे," एवढंच म्हणाला.

कांताबाईनं ते ऐकलं आणि हातातलं काम टाकलं. तिनं त्याला हाताला धरून गावच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं दर गुरुवारी यवतमाळहून अनघा नावाची समुपदेशक मुलगी यायची. तिच्या खोलीत सुई नाही, नळी नाही, नुसत्या खुर्च्या. लोक यायचे, इंजेक्शन मिळत नाही म्हटल्यावर रागावून निघून जायचे. "बोलाचंच असंन त पारावर बोलू ना," म्हणायचे.

पहिल्या दिवशी उकंडा बोलला नाही. अनघाही फारसं बोलली नाही. कांताबाईला वाटलं, इले पगार सरकार कायचा देते? मग तिनं शिट्टीची आणि फेट्याची गोष्ट सांगितली, तशी अनघा पुढं झुकली.

"काका, जगणं नकोसं वाटतं का?"

"काय व मॅडम!" कांताबाई उसळली. "असं वंगाळ काहून इचारता?"

अनघानं हातानंच तिला थांबवलं.

"वाटते," उकंडा फरशीकडं बघत म्हणाला.

बाहेर आल्यावर कांताबाई दाराला धरून रडली. अनघानं तिला रडू दिलं आणि मग समजावलं. "विचारल्यानं ते मनात येत नाही, मावशी. आत असतं ते बाहेर येतं, आणि बाहेर आलं की उपाय करता येतो. फवारणीचं औषध आजच घरातून हलवा. काकांना एकटं ठेवू नका. यवतमाळचे मनाचे डॉक्टर गोळी देतील. तिचा गुण लगेच दिसत नाही, काही आठवडे लागतात. पण मध्येच बंद करायची नाही. आणि दर गुरुवारी मला भेटायचं."

कांताबाईनं औषधाचा डबा खेमसिंगच्या घरी कुलपात ठेवून दिला. गोळ्या सुरू झाल्या. हळूहळू उकंडा अर्धी भाकर खाऊ लागला. एका सकाळी त्यानं आपणहून चहा मागितला, तेव्हा कांताबाईनं आनंदात साखर दोनदा घातली.

अशात संघदीप रजेवर आला. वणीला कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर होता तो. बापाला पाहून त्याचा चेहराच उतरला. त्याला अर्धी भाकर दिसली नाही, भिंतीकडं वळलेली पाठ दिसली. हंसाबाईची अळी पाहून घरी आल्यावर, उकंडाजवळ बसलेला खेमसिंग निघून जाताच तो म्हणाला,

"माय, एक डाव महाराजाकडं नेऊन पाहू. काय बिघडते?"

"बिघडत काहून नाही? तुहा आजा नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आलता. कायच्यासाठी? तू अळीवाल्यापुढं नाक घासाले?"

"आजाले बाबाची अशी हालत पाहा लागली नाही," संघदीप म्हणाला आणि त्यानं तोंड फिरवलं.

पोरगा भ्याला होता, आणि भ्याली तर तीही होतीच. दुसऱ्या दिवशी ती उकंडाला घेऊन मुकाट्यानं त्याच्या मागं मैदानावर गेली.

गर्दी वाढल्यापासून महाराजांनी घाऊक काम सुरू केलं होतं. रोगी ताडपत्रीवर ओळीनं कुशीवर निजायचे, डोक्यापासून पायापर्यंत गोधडी पांघरून. महाराज गादीवर लांब बसायचे. बाबुलाल प्रत्येकाजवळ पाण्याची थाळी ठेवायचा, थाळीत, पाण्याच्या वर राहील असं, तापून लाल झालेलं खापर, खापरावर चिमूटभर 'विभूती', आणि वर एक उपडं मडकं. मडक्याच्या बुडाला भोक, भोकात पोकळ बांबू, आणि बांबूचं दुसरं टोक गोधडीत, कानापाशी. धूर कानात जातो, अळी गुदमरते, बांबूतून घरंगळत थाळीत पडते, असा सगळा शास्त्रोक्त कारभार.

उकंडाच्या थाळीवरचं मडकं उचललं. अळ्या होत्या.

कांताबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. आता बोलतील का? तिलाही क्षणभर वाटून गेलं. उकंडा उठून बसला, डोळ्यांतलं पाणी पुसलं, जोरात शिंकला आणि पुन्हा जमिनीकडं बघत राहिला.

"एक अळी लठ्ठ आहे," महाराजांनी निदान केलं. "कशानं माजली? दवाखान्याच्या गोळ्या खाऊन! गोळी बंद. आजपासून बंद!"

संघदीपनं खिशातून गोळ्यांची पाकिटं काढून महाराजांच्या पायाशी ठेवली. बाबुलालनं ती उचलून झोळीत टाकली. कांताबाई पुढं धावली, पण तोवर रांगेनं तिला मागं ढकललं होतं. जाता जाता तिनं थाळीत बोट बुडवून एक अळी पदराला लावून घेतली.

घरी आल्यावर तिनं ती अळी हिरव्या बोंडावर ठेवली. खरी अळी असती तर बोंडाला भोक पाडून आत शिरली असती. ही बया जागची हलली नाही. हिला पाय नव्हते, तोंडही नव्हतं. ऊन लागलं तशी वाळून कोंड्यासारखी झाली.

आणि तिकडं उकंडानं अर्धी भाकरही टाकली. चहा समोर निवून जाऊ लागला. "अळी जातानी जखम होते म्हने, थे भरंन," संघदीप म्हणायचा, पण त्याचा आवाज बसलेला असायचा. कांताबाई गुरुवारची वाट बघत नवऱ्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवून बसली.

गुरुवारी सगळं ऐकून अनघा आधी गोळ्यांवरूनच चिडली. तिनं यवतमाळला डॉक्टरांना फोन लावला, पुन्हा कसं सुरू करायचं ते विचारलं आणि नव्या गोळ्या कांताबाईच्या हातात ठेवल्या.

"देतो मी," कांताबाई म्हणाली, "पन पोट्टा देऊ देत नाही. त्याच्या डोक्यातला महाराज आधी काढा लागते." आणि तिनं पदराची गाठ सोडली.

अनघानं ती वाळकी अळी पाण्यात भिजवली, रक्त तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि बराच वेळ बघितली.

"ही अळी नाहीच, मावशी. बीच्या आतला कोंब आहे."

"कानात बी पेरलं कोनं?"

"कानात नाही, थाळीत. ती विभूती म्हणजे कसलंतरी बारीक बी असणार. तापलेल्या खापरावर फुटतं, आतला कोंब उडून पाण्यात पडतो. पण सिद्ध कसं करायचं? मडक्याला हात लावू देत नाहीत. ज्याला कानच नाही, अशा कोणाच्यातरी कानातून अळी निघाली तर गोष्ट वेगळी," अनघा हसून म्हणाली.

कांताबाई हसली नाही. तिच्या डोळ्यांत बऱ्याच दिवसांनी चमक आली.

"हाये तसा एकजन," ती म्हणाली. "धावजी."

धावजी म्हणजे खेमसिंगच्या ज्वारीतलं बुजगावणं. वाऱ्यात त्याच्या बाह्या अशा फडफडायच्या की गडी धावतोय असं वाटावं, म्हणून उकंडानंच कधीकाळी त्याला हे नाव दिलं होतं.

अनघा त्या दिवशी गावातच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी खेमसिंगची बंडी मैदानात आली. तिच्यात गोधडीत गुंडाळलेला धावजी आडवा होता आणि त्याच्या उशाशी उकंडा बसला होता. त्याला एकटं ठेवायचं नाही असं ठरलेलं होतं, म्हणून त्याला सोबत आणलेलं. खेमसिंगनं धावजीला अगदी नाजूक रोग्यासारखं उचलून ताडपत्रीवर कुशीवर निजवलं. बाबुलाल विचारपूस करायला आला.

"नाव काय?"

"धावजी," कांताबाई म्हणाली.

"काय होते?"

"बोलत नाही."

"कधीपासून?"

"उभा राह्यला तेवापासून."

"खानं-पिनं?"

"दान्याले शिवत नाही. भवताल ज्वारी असून."

"झोप?"

"डोयाच लागत नाही. उनातानात, थंडीवाऱ्यात, वावरात हात पसरून उभा राह्यते. कोनी जवळ येत नाही त्याच्या. पाखरंबी भेतात."

बाबुलालला भडभडून आलं. कांताबाईच्या बोलण्यात एक अक्षर खोटं नव्हतं. लांबून महाराजांनी विचारलं, "शादी?"

"नाही झाली, महाराज. कोनी इचारलंच नाही."

"हं!" महाराजांनी डोळे मिटले. "बालपणी याच्या मस्तकावर मायेचा हात फिरला नाही. मस्तक रिकामं राहिलं."

"बराबर वळखलं!" कांताबाई म्हणाली. "डोस्कं रिकामंच हाये." खेमसिंगला जोराचा खोकला आला.

खापर आलं, विभूती पडली, मडकं बसलं, बांबू गोधडीत सरकला. धूर झाला. गरिबाची दया येऊन बाबुलालनं विभूतीही जरा जास्तच टाकली असावी, कारण मडकं उचललं तेव्हा थाळीत अळ्यांचा सडा पडला होता. गर्दीतून हाय हाय उठली.

"इतक्या अळ्या मी हिमालयातही बघितल्या नाहीत!" महाराज उठून जवळ आले आणि थाळीत वाकून जाती सांगू लागले. "ही शेंदरी, प्रेमभंगाची. ही हिरवी, भावांनी वाटा बुडवला. आणि या बाकीच्या मागच्या जन्माच्या. पण आता मोकळा झाला बच्चा! आज घरी जाऊन भाकर मागेल. उठ, धावजी!"

धावजी उठला नाही.

"उठ, बेटा!"

"लाजाळू हाये थो," कांताबाई म्हणाली. "तुमीच हात धरून उठवा, महाराज. तुमच्या हातानं उठला म्हंजे झालं."

महाराजांनी गोधडीत हात घातला, धावजीचा हात धरला आणि जोर लावून ओढला. हात आला. कोपरापासून आला, सदऱ्याच्या बाहीसकट, आणि बाहीतून बांबूचं टोक बाहेर पडलं. त्या झटक्यानं गोधडी बाजूला झाली, धावजीचं मुंडकं सुटलं आणि गडगडत गर्दीच्या पायाशी जाऊन थांबलं. काळं मडकं, चुन्यानं काढलेले डोळे आणि झुपकेदार मिशा. कान काढायला खेमसिंग विसरला होता.

मग हसण्याचा पहिला आवाज आला तो बंडीतून. खरखरीत, गंजलेल्या कडीसारखा. उकंडा हसत होता. कांताबाई गर्रकन बंडीकडं वळली. मग सगळं मैदानच हसू लागलं.

महाराज मात्र कसलेले होते. तुटका हात त्यांनी वर उचलला. "देखा! चिंता गेली आणि देह काष्ठ झाला! इसको कहते है मुक्ती!" आणि खोटं कशाला सांगा, दोघा-तिघांनी हातही जोडले. हात जोडायला आपल्याकडं फार मोठं कारण लागत नाही.

"थांबा," अनघा पुढं आली. "धावजीला मुक्ती मिळाली असेल तर आनंद आहे. पण याला कान नाही. डोक्याला कुठं भोकही नाही. मग अळ्या कुठून आल्या?"

तिनं बाबुलालच्या हातातली विभूतीची डबी काढून घेतली. खेमसिंगनं नव्या थाळीत पाणी ओतलं, तापलेलं खापर ठेवलं. अनघानं चिमूटभर विभूती टाकली आणि मडकं उपडं घातलं. बांबू कोणाच्याच कानाला लावला नाही, त्याचं तोंड आभाळाकडं केलं. आत तडतड आवाज झाला.

"हंसाबाई, तुम्ही उचला."

हंसाबाईनं मडकं उचललं. "याडी ये!" ती आईच्या नावानं किंचाळली. पाण्यात अळ्या तरंगत होत्या.

"आता ही चिंता कोणाची? आभाळाची?"

डबीतल्या विभूतीची राख अनघानं फुंकरीनं उडवली. तळहातावर चपटं, पिवळसर बी राहिलं. ते बघायला बाया पुढं सरसावल्या आणि दोघी-तिघी एकदमच म्हणाल्या, "हे त रिंगनी!" बांधावर उगवणारी काटेरी रिंगणी, जिच्या काट्यांनी वेचणीत पाय फुटतात तीच. तिचं बी तूप लावून, राखेत घोळून विभूती झालं होतं.

"बस, एवढीच करामत," अनघा म्हणाली. "बी तापतं, फुटतं, आतला कोंब पाण्यात पडतो. पाणी गरम असतं म्हणून तो वळवळल्यासारखा वाटतो."

"पन मॅडम," हंसाबाईनं विचारलं, "मले त बरं वाटलं! माहं डोस्कं दुखनं खरंच थांबलं होतं. थे काय खोटं हाये?"

महाराजांच्या चेहऱ्यावर थोडी आशा उगवली.

"अजिबात खोटं नाही," अनघा म्हणाली. "त्या दिवशी काय काय झालं ते सांगा बरं."

"काय होनार? निजली होती, गोधडी घेऊन. लय वेळ."

"मध्ये कोणी उठवलं?"

"नाही. इले कोनी हात लावू नका, असं महाराजांनं सांगतलं होतं. अन् त्याच्या आधी बाबुलालनं सारं इचारलं. डोस्कं कवा दुखते, घरी कोन काय बोलते."

"घरी दिवसा अशा कधी निजता? कोणी विचारतं, हंसाबाई, काय दुखतं?"

"मले?" हंसाबाई हसली. मग तिचं हसू ओसरलं. "मले कोन इचारते व बाई."

बाया एकमेकींकडं बघू लागल्या. अनघाला पुढं काही समजावून सांगायची गरजच पडली नाही.

संघदीप गर्दीतून वाट काढत बाबुलालसमोर जाऊन उभा राहिला. "माह्या बाबाच्या गोळ्या दे."

बाबुलालनं इकडं तिकडं बघितलं. "त्या... त्यातल्या काही खाल्ल्या मी," तो हळूच म्हणाला. "मले झोप येत नाही, भाऊ. हा बावा कवा पकडला जाईन याचीच चिंता लागून राह्यते."

यावर मैदानात जे हसू फुटलं त्यात महाराजांची उरलीसुरली मुक्तीही वाहून गेली. "दुसऱ्याची गोळी कधी घ्यायची नाही," अनघानं बाबुलालला दरडावलं. "गुरुवारी दवाखान्यात ये. तपासून घेऊ."

दुपारच्या आत कीटकनाथांनी गाव सोडलं. बाबुलाल मागं राहिला, आणि कापसाची गंजीही. कोणाची ओंजळ कोणती, आपला कापूस चांगला होता की शेजाऱ्याचा, यावरून पुढं गावात जी भांडणं झाली त्यांना काही सुमार नव्हता.

संघदीपनं त्या दिवशी स्वतःच्या हातानं बापाला गोळी दिली. गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण आपल्या लोकांना चमत्काराशिवाय करमत नाही.

दुसऱ्या दिवशी कांताबाई वेचणीला निघाली तर खेमसिंगच्या बांधावर गर्दी. धावजीचं मुंडकं परत बसवलेलं, कपाळाला हळदकुंकू, पुढं नारळ आणि उदबत्त्या.

"उकंडाले हसवलं यानं," एक म्हातारी भक्तिभावानं सांगत होती. "मुक्या मानसाले हसवलं. जागृत हाये!"

कांताबाईचा पारा चढला. "हसले थे, बरे नाही झाले! हसनं अन् बरं होनं एक अस्ते का? बह्याड झाले का रे तुमी सारे? एक बुवा काल हाकलला, अन् आज बुजगावनं बसवलं!" तिनं पदरानं धावजीचं कुंकू पुसलं, नारळ दगडावर आपटला आणि खोबरं वेचणीच्या बायांना वाटून टाकलं. धावजी पुन्हा पाखरं हाकलायच्या कामाला लागला.

उकंडा काही त्या हसण्यानं बरा झाला नाही. त्या संध्याकाळी तो परत भिंतीकडं तोंड करूनच निजला. बरं होणं फार रटाळ काम असतं, त्यात बघायला गर्दी जमत नाही. रोज गोळी, दर गुरुवारी अनघाची खोली. कधी तो निघायलाच तयार नसायचा, तेव्हा खेमसिंग त्याला बंडीत घालून आणायचा. अनघानं त्याला रोज सकाळी चालायला लावलं, मग कोणातरी एकाशी बोलायला लावलं. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून वावरं मोकळी झाली तेव्हा तो दोन घास जास्त मागू लागला. कांताबाईला तेवढ्यानं सण वाटायचा.

उन्हाळ्यातल्या एका गुरुवारी ती दवाखान्याच्या बाकावर बसली होती. आत उकंडा होता. बाकावर आता जागा मिळत नसे. शेजारी हंसाबाई, पलीकडं बाबुलाल.

"आत थे काय देते व?" एका नवख्या बाईनं विचारलं.

"देत काही नाही," कांताबाई म्हणाली. "इचारते अन् आयकते. गरज पडली त डॉक्टर गोळी देते."

"बस? इतकंच?"

"इतकंच. ताप आला त दवाखान्यात येता ना? मनाले ताप आला तरी तसंच या. लाजू नका, लपवू नका. घरातला कोनी गप बसला त त्याले इचारा, काय होते बावा तुले. अन् कोनी चमत्कार दाखवला त हात जोडाच्या आधी झाकन उचलून पाहा. मंग खुशाल जोडा, काही शिल्लक राह्यलं त."

तेवढ्यात दार उघडलं आणि उकंडा बाहेर आला. हंसाबाई आत गेली.

"आज लय वेळ लागला," कांताबाई चपला घालत म्हणाली. "काय बोलत होते?"

"तुह्याबद्दल."

"माह्याबद्दल? काय?"

"थे सांगता येत नाही," उकंडा गंभीरपणे म्हणाला. "आतलं आतच राह्यते. मॅडमचा नियम हाये."

कांताबाई बघतच राहिली. त्याच्या डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या पडल्या होत्या. बंडीवाल्यांची फिरकी घेताना पडायच्या, तशाच. तिला रडू येणार होतं, पण एवढ्या लोकांत रडायचं कसं, म्हणून ती भांडायला लागली.

"माह्याबद्दल परक्या पोरीले सांगता अन् मले नाही? सांगतलं काय असं? मी काय केलं तुमचं? हं? बोला!"

"चाल घरी, भूक लागली," उकंडा म्हणाला.

ती वाटभर भांडत गेली, आणि वाटभर त्यानं तिला शब्दाला शब्द दिला.